यंत्राचा वेग आणि रोग्याची रांग

(आरोग्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘आधुनिक प्रतिमातंत्र आणि कर्करोगाचा उपचार’ हा आजचा विषय वरवर पाहता तज्ज्ञांचा वाटेल. सीटी स्कॅन, एमआरआय, पेट स्कॅन ही नावे आता खेड्यापाड्यांतही पोचली आहेत. पण त्यांविषयी बोलायचे ते डॉक्टरांनी, आपण फक्त पैशांची जमवाजमव करायची, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. ही समजूत सोडून द्यावी अशी माझी पहिली विनंती आहे. कोणते यंत्र कुठे बसवायचे, त्याच्यापुढच्या रांगेत कोणाला आधी घ्यायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नाहीत. ते समाजकारणाचे आहेत.

जिल्ह्याजिल्ह्यांतून आरोग्याची चर्चा निघाली की ‘आमच्याकडे स्कॅनचे यंत्र द्या’ ही मागणी हमखास पुढे येते. मागणी रास्त आहे. परंतु यंत्र आले की उपचार आपोआप लवकर सुरू होतील, असे आपण तिच्या पोटात गृहीत धरलेले असते. ते तपासून पाहिले पाहिजे. कर्करोगात काय दिसले याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच ते केव्हा दिसले आणि दिसल्यानंतर किती दिवसांनी उपचार सुरू झाला यालाही आहे. प्रतिमेमुळे उपचाराचा निर्णय बदलत असेल आणि बदललेला निर्णय वेळीच अमलात येत असेल, तरच ती प्रतिमा रोग्याला वेळ मिळवून देते. या दोन अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर तेच यंत्र रोग्याचा वेळ खाते. एवढेच मला आज सांगायचे आहे. पुढचे सारे विवेचन याच्या स्पष्टीकरणासाठी आहे.

सावलीपासून साखरेपर्यंत

1895 सालच्या नोव्हेंबरात विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. तो साऱ्या मानवजातीच्या उपयोगी पडावा अशी त्यांची भूमिका होती. क्ष-किरणांमुळे प्रथमच शरीर न कापता आतले दिसू लागले. पण जे दिसे ती सावली होती. हाड, फुप्फुस, हृदय यांच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असत, आणि त्या गर्दीत लहान गाठ हरवून जाई.

या सावल्या सुट्या करण्याचे काम गणिताने केले. ॲलन कॉरमॅक यांनी 1963-64 मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी केली आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याने तसे यंत्र प्रत्यक्षात उतरवले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचे पहिले सीटी स्कॅन काढण्यात आले. हाउन्सफील्ड ज्या कंपनीत काम करीत ती ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी जगप्रसिद्ध होती. म्हणून हे यंत्र खाजगी उद्योगाची देणगी आहे असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु या संशोधनाला ब्रिटिश सरकारच्या आरोग्यखात्यानेही पैसा पुरवला होता, आणि पहिली चाचणी झाली तीही राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या रुग्णालयात. जनतेच्या पैशाने जन्मलेल्या वस्तूवर पुढे जनतेचाच हक्क किती उरतो, हा प्रश्न येथपासूनच सुरू होतो. 1979 साली कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सीटी आणि त्यानंतर आलेले एमआरआय ही दोन्ही यंत्रे प्रामुख्याने गाठीचा आकार आणि तिची जागा दाखवतात. पेट स्कॅनने निराळा मार्ग धरला. कर्करोगाच्या पेशी सर्वसाधारण पेशींपेक्षा कितीतरी अधिक साखर खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी 1920 नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून टोचला, की जेथे साखरेचा फडशा पडतो ती जागा चित्रात उजळते. 1976 साली अशी साखर माणसाला प्रथम टोचण्यात आली. पुढे 1998 च्या सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे पेट आणि सीटी ही दोन्ही यंत्रे एकत्र जोडली गेली. त्यामुळे गाठ कोठे आहे आणि ती किती जोमात आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच चित्रात मिळू लागली.

यातली एक बारीकशी बाब आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटांचे असते. म्हणजे दर दोन तासांगणिक औषधाची ताकद निम्म्याहून कमी होत जाते. ते साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये पहाटे तयार करावे आणि काही तासांत वापरून संपवावे लागते. आपल्या देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या सार्वजनिक संस्थेत सुरू झाले. तेथून तंत्र देशभर पसरले; पण सायक्लोट्रॉनपासून औषध जेवढ्या वेळात पोचेल, तेवढाच पेट स्कॅनचा पल्ला असतो. या भूगोलामुळे ही यंत्रे महानगरांभोवती गोळा झाली. तालुक्याच्या गावातला रोगी यंत्राकडे जातो. यंत्र त्याच्याकडे येत नाही.

प्रतिमा वेळ वाचवते ती केव्हा?

आता प्रतिमेचा लाभ मोजलेल्या पुराव्यावरून पाहू. फुप्फुसाच्या कर्करोगात छाती उघडून शस्त्रक्रिया करावी आणि आत गेल्यावर रोग पसरलेला आढळावा, किंवा शस्त्रक्रियेनंतर थोड्याच महिन्यांत तो पुन्हा उभा राहावा, असे पूर्वी वारंवार घडे. अशा शस्त्रक्रियेने रोगी बरा तर होत नाहीच, पण त्याच्या आयुष्यातले मोलाचे दिवस जखम भरून येण्यात जातात. नेदरलँड्समधील नऊ रुग्णालयांत 188 रोग्यांवर एक अभ्यास झाला आणि 2002 साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासण्यांनंतर 41 टक्के रोग्यांची शस्त्रक्रिया निष्फळ ठरली. तपासण्यांत पेट स्कॅनची भर घातली तेव्हा हे प्रमाण 21 टक्क्यांवर आले. येथे प्रतिमेने निर्णय बदलला. ज्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता त्यांना योग्य त्या उपचाराकडे वळता आले, आणि शस्त्रक्रियागृहाची जागा ज्यांना तिची खरी गरज होती त्यांच्यासाठी मोकळी झाली.

दुसरे उदाहरण डोके आणि मान यांच्या कर्करोगाचे आहे. घशाचा कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत पसरला असेल आणि त्यावर किरणोपचार व रसायनोपचार दिले असतील, तर उपचारानंतर मानेतल्या गाठी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सरसकट करावी, असा एक प्रघात होता. ब्रिटनमध्ये 564 रोग्यांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रोग्यांची अशी शस्त्रक्रिया ठरवून ठेवली होती. उरलेल्यांचे उपचारानंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढले आणि रोग शिल्लक दिसला तरच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात मानेच्या 221 शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या गटात 54. दोन वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात 84.9 टक्के आणि पहिल्या गटात 81.5 टक्के होते. म्हणजे थांबणाऱ्यांचे काहीही बिघडले नाही.

बारा आठवडे हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. किरणोपचारानंतर ऊती सुजलेल्या असतात आणि सुजलेली ऊतीही साखर खाते. घाईने चौथ्या-पाचव्या आठवड्यात स्कॅन काढले, तर नसलेला रोग दिसू शकतो आणि नको असलेली शस्त्रक्रिया ओढवते. काळजीपोटी नातेवाईक ‘आत्ताच एकदा बघून टाका’ असा आग्रह धरतात. पैसे घेणारे केंद्र त्यांना ‘नाही’ म्हणत नाही. योग्य वेळी काढलेली प्रतिमा शस्त्रक्रिया वाचवते आणि अवेळी काढलेली प्रतिमा ती घडवते, हे येथे अगदी स्वच्छ दिसते.

जे प्रतिमेत दिसत नाही

यंत्राची मर्यादाही अशीच मोजून सांगता येते, आणि त्यासाठी आपल्याला मुंबईबाहेर जावे लागत नाही. तंबाखू आणि गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग हा आपल्याकडचा मोठा शत्रू. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, तरी तो पानपट्टीवर मिळतोच. तोंडातली गाठ लहान आहे आणि मानेत काही लागत नाही, अशा वेळी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या गाठी काढाव्यात, की मानेवर लक्ष ठेवून गाठ आली तरच काढाव्यात, हा वाद वर्षानुवर्षे चालू होता. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के रोगी हयात होते. लक्ष ठेवून थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. थांबलेल्यांवर नजर ठेवण्यात काही हयगय झाली होती असे नाही. त्यांची नियमित तपासणी होत होती आणि त्यातल्या अनेकांची सोनोग्राफीही होत होती. पण मानेच्या ग्रंथीत शिरलेल्या मूठभर पेशी कोणत्याही यंत्राला दिसत नाहीत. त्या दिसण्याइतक्या वाढेपर्यंत थांबायचे, म्हणजे रोगाला मुदत द्यायची.

ब्रिटनमधल्या त्या अभ्यासात थांबणे हिताचे ठरले आणि परळच्या या चाचणीत घातक ठरले, यात विसंगती नाही. तेथे किरणे आणि औषधे रोगावर काम करून गेली होती; येथे मानेवर कोणताही उपचार झालेला नव्हता. एकाच प्रतिमेचा अर्थ ती उपचारक्रमात कोठे येते त्यावर ठरतो. म्हणून ‘स्कॅन केले का?’ या प्रश्नापेक्षा ‘या स्कॅनमुळे पुढे काय बदलणार आहे?’ हा प्रश्न रोग्याने आणि त्याच्या आप्तांनी विचारायला शिकले पाहिजे. असा प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे, ती क्षयाची. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये चकाकते, आणि छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात कर्करोगाची सावली क्षयासारखी दिसते. त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही केवळ सावलीवरून महिनोन्महिने क्षयाची औषधे घेत राहतात, हा आपल्याकडच्या छातीविकारतज्ज्ञांचा परिचित अनुभव आहे. येथे विलंब यंत्र नसल्यामुळे झालेला नाही. प्रतिमेवर पुराव्याविना विश्वास टाकल्यामुळे झाला आहे. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे याला अजून पर्याय नाही.

लवकर पाहणे म्हणजे नेहमीच लवकर वाचणे नव्हे, याचा मोठा धडा दक्षिण कोरियाने दिला आहे. तेथे 1999 साली कर्करोगशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याला जोडून थोड्याशा जादा पैशात गळ्याची सोनोग्राफी करून देण्याची टूम खाजगी केंद्रांनी काढली. परिणामी 2011 मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे नोंदलेले प्रमाण 1993 च्या तुलनेने पंधरापट झाले. या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता त्या सापडल्या, आणि हजारो माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. 2014 साली तेथील डॉक्टरांच्या एका गटाने जाहीरपणे आवाज उठवल्यावर वर्षभरात या शस्त्रक्रियांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. नफ्यासाठी चालवलेली प्रतिमा निरोग्याला रोगी करते. आणि शस्त्रक्रियागृहातली तेवढी जागा खऱ्या रोग्याच्या वाट्याची असते, हेही विसरून चालणार नाही.

दिवसांचा हिशेब

आता विलंबाकडे वळू. 2020 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठे संकलन प्रसिद्ध झाले. 34 अभ्यास आणि सुमारे 12 लाख 70 हजार रोगी यांच्या माहितीवरून काढलेला त्याचा निष्कर्ष असा की, शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचाराला तेवढाच उशीर झाला तर नऊ टक्क्यांनी. हे संबंध निरीक्षणातून काढलेले आहेत आणि एखाद्या रोग्याचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही. परंतु समाजाच्या पातळीवर त्यांचा अर्थ सरळ आहे: रांगेतला महिना मोफत नसतो.

हा महिना जातो कोठे? समजा, जालना किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या एका शेतमजुराच्या गालाच्या आत न भरणारे व्रण आहे. गावातला डॉक्टर पंधरा दिवस मलम आणि गोळ्या देतो. मग तालुक्याचा दंतवैद्य, मग जिल्ह्याचे गाव. तेथे तुकडा काढतात. त्याचा अहवाल यायला काही दिवस. अहवाल घेऊन तो मोठ्या शहरातल्या रुग्णालयात येतो. सीटी करायचे तर आधी मूत्रपिंडाचे काम ठीक चालले आहे का हे पाहणारी रक्ततपासणी हवी. ती झालेली नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी यायचे. सीटीची तारीख पुढची. पेट स्कॅन सांगितले असेल तर उपाशीपोटी यावे लागते, आणि रक्तातली साखर वाढलेली असेल तर टोचलेली साखर पेशींत नीट शिरत नाही. म्हणून मधुमेही रोग्याला परत पाठवतात. ‘साखर आटोक्यात आणा आणि मग या,’ हे वाक्य सांगायला सोपे आहे. पण त्यापायी जाणारे दिवस, एसटीचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. चित्र निघाल्यावर त्याचा अर्थ लावणारा तज्ज्ञ, त्यानंतर सर्व शाखांच्या डॉक्टरांची बैठक, त्यानंतर शस्त्रक्रियेची तारीख. ती लांबली की गाठ वाढते, आणि काही आठवड्यांपूर्वीचे चित्र शिळे होते. शल्यचिकित्सक, आणि त्याचे काही चुकत नाही, नवीन स्कॅन मागतो. म्हणजे रांगेमुळे स्कॅन शिळे होते आणि शिळ्या स्कॅनमुळे रांग वाढते.

हाच रोगी पैसेवाला असता तर यातल्या बहुतेक पायऱ्या दोन-चार दिवसांत आटोपल्या असत्या. यंत्र तेच असते, त्याचा वेगही तोच असतो; फरक रांगेत असतो. सरकारी विमायोजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचाराभोवती रचलेल्या आहेत. निदान होईपर्यंतच्या, बाह्यरुग्ण म्हणून कराव्या लागणाऱ्या तपासण्यांचा मोठा भार रोग्याच्याच खिशावर पडतो. त्यामुळे कार्ड हातात असूनही माणूस निदानाच्या उंबरठ्यावरच कर्जबाजारी होतो, किंवा पैसे जमेपर्यंत थांबतो. परळच्या पदपथांवर अंथरूण टाकून बसलेली कुटुंबे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळण्याची वाट पाहणारी माणसे, यांतले कितीतरी जण उपचारासाठी नव्हे, तपासणीच्या तारखेसाठी थांबलेले असतात. धर्मशाळा चालवणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. पण समाजाने आपल्या नियोजनातली उणीव दानधर्मावर सोपवून निर्धास्त व्हावे, हे काही योग्य नाही.

मोजणाऱ्यांनी काय केले?

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. डेन्मार्क या छोट्या देशात कर्करोगाच्या रोग्यांचे जगण्याचे प्रमाण शेजारच्या देशांपेक्षा कमी होते. तेथे सार्वजनिक चर्चा झाली, कर्करोग हा तातडीचा आजार मानावा अशी भूमिका घेतली गेली, आणि 2007 साली सरकार व प्रादेशिक प्रशासने यांच्यात करार होऊन प्रत्येक कर्करोगासाठी तपासणी-उपचाराचा बांधीव मार्ग ठरवण्यात आला. संशयापासून तपासणीपर्यंत किती दिवस, तपासणीपासून निर्णयापर्यंत किती, निर्णयापासून उपचारापर्यंत किती, हे आधीच लिहून ठेवले आणि स्कॅनच्या वेळा अशा रोग्यांसाठी आधीच राखून ठेवल्या. त्यानंतरच्या वर्षांत तेथला प्रतीक्षाकाळ घटला, जगण्याचे प्रमाणही सुधारले. त्याचे सारे श्रेय या एका उपायाला देता येणार नाही. पण दिवस मोजल्याशिवाय दिवस कमी होत नाहीत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

इंग्लंडचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवतो. तेथे संशयाच्या चिठ्ठीपासून 62 दिवसांच्या आत 85 टक्के रोग्यांचा उपचार सुरू झालाच पाहिजे, असे उद्दिष्ट आहे. 2015 नंतर ते गाठता आलेले नाही. सार्वजनिक सेवेला लागणारा पैसा आणि माणसे पुरवली नाहीत, की मोजमाप शिल्लक राहते आणि सेवा मागे पडते. तरीही तेथला सामान्य नागरिक हा आकडा सरकारच्या तोंडावर फेकू शकतो. आपल्याकडे आकडाच जाहीर होत नसल्यामुळे जाबही विचारता येत नाही.

आपण यंत्राच्या विरोधात आहोत का, असे कोणी विचारील. यंत्राविषयीचा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला, त्यामागे यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे हीच दृष्टी होती. मी यंत्र नको म्हणत नाही. त्याची सांगड उपचाराशी घाला असे म्हणतो. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’च्या प्रतिमातंत्रविषयक आयोगाने 2021 साली असा हिशेब मांडला की, 2020 ते 2030 या काळात जगभर केवळ प्रतिमातंत्राचा विस्तार केला, तर त्यांनी विचारात घेतलेल्या कर्करोगांचे सुमारे 24 लाख 60 हजार मृत्यू टळतील, परंतु त्याच्या जोडीला उपचार आणि सेवेचा दर्जा हेही वाढवले तर सुमारे 95 लाख 50 हजार टळतील. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरी त्यातली दिशा स्पष्ट आहे. नुसते यंत्र जेवढे देते त्याच्या जवळजवळ चौपट यंत्र आणि उपचार मिळून देतात.

आणि सर्वांच्या आधी माणसाचा डोळा आणि हात आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून टाटा स्मारकाने केलेल्या अभ्यासात, थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. बारा वर्षांनंतर त्या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. 2014 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तोंडाच्या आतला डाग पाहायला तर उजेड आणि उघडे तोंड एवढेच लागते. मोठ्या यंत्रापाशी वाचवायचे दहा दिवस फार मोलाचे आहेत. पण गावातल्या उपकेंद्रात वाचवता येण्याजोगे सहा महिने त्याहून मोलाचे आहेत.

मागणी कोणती करायची?

म्हणून ‘यंत्र द्या’ ही आपली मागणी अपुरी आहे. तिच्यात चार गोष्टींची भर घातली पाहिजे. पहिली: कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक आणि योजनेतल्या खाजगी रुग्णालयाने, तुकड्याचा अहवाल आल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. दुसरी: संशयित रोग्याच्या निदानासाठी लागणाऱ्या तपासण्या योजनेच्या खर्चात धराव्यात, आणि त्यांच्यासाठी यंत्रावर रोज काही वेळ राखून ठेवावा. रक्तातली साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी जिल्ह्यातच उरकून मगच रोग्याला शहरात पाठवावे. तिसरी: एका ठिकाणी काढलेले चित्र दुसऱ्या ठिकाणी मान्य व्हावे. 2012 साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातल्या कर्करोग केंद्रांना समान उपचारसूत्रांनी जोडण्याचे काम चालवले आहे. चित्रांच्या देवाणघेवाणीला तो पाया पुरेसा आहे. चौथी: निर्णय न बदलणारे स्कॅन सांगण्याची आणि त्यापोटी दलाली घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्यावर कायद्याने आणि लोकमताने अंकुश ठेवावा.

कायद्याने काय होणार, असे म्हणू नका. गर्भतपासणीच्या तंत्रांचा उपयोग मुलीचा गर्भ हेरून पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा स्त्रीसंघटनांनी आणि विवेकी डॉक्टरांनी रान उठवले, आणि 1988 साली गर्भजल व तत्सम तपासण्यांवर बंधने घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. त्याची अंमलबजावणी किती दुबळी राहिली ते आपण जाणतो. तरीही तपासणीच्या तंत्राचा वापर हा सार्वजनिक नीतीचा विषय आहे, हे तत्त्व या राज्याने तेव्हाच मान्य केले आहे. एका बाबतीत गैरवापर रोखण्यासाठी जे तत्त्व मानले, ते दुसऱ्या बाबतीत योग्य वापर मिळवण्यासाठी का मानू नये?

आपापल्या तालुक्यात परतल्यावर प्रत्येकाने एक काम करावे अशी माझी सूचना आहे. गेल्या वर्षभरात कर्करोगाचे निदान झालेल्या आपल्या परिचयातल्या पाच-दहा घरी जा. त्यांच्या संमतीने आणि नावे न घेता एवढेच लिहून आणा: पहिले लक्षण केव्हा, पहिला डॉक्टर केव्हा, तुकडा केव्हा, स्कॅन केव्हा, पहिला उपचार केव्हा, आणि प्रत्येक टप्प्यावर खिशातून किती गेले. शंभर घरांचा असा तक्ता घेऊन आपण जिल्हा परिषदेत आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गेलो, तर ‘यंत्र मंजूर झाले आहे’ एवढ्या उत्तरावर आपली बोळवण करणे कोणालाही सोपे जाणार नाही.